घास तसाच धरा!

राजारामपुरीत संयोगिताचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवायला लागले, की ही ओरडणारच, "थांबा! घास तसाच धरा, हलू नका!" मनाजोगता फोटो मिळेपर्यंत जिलेबी हवेतच.

यंदा उन्हाळ्यात ती मोठी लेन्स घेऊन आजऱ्याच्या रानात गेली. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून, फटीतून घास भरवतो. तोच फोटो हिला हवा होता. म्हणून ती ढोलीच्या अगदी समोर ठाण मांडून बसली.

नर आला, पण लांबच्या फांदीवरच थांबला. चोचीत फळ आणि नजर हिच्यावर. ढोलीच्या फटीतून मादीची चोच बाहेर येई, रिकामीच आत जाई.

"दार मीच अडवून बसलीया की," संयोगिता पुटपुटली आणि ट्रायपॉड मिटून निघाली.

"एवढं रान तुडवून एक फोटो न्हाय?" ती परतल्यावर मैत्रिणी हसल्या.

"न्हाय!" ती खेकसली.

पुढच्या लग्नात नवऱ्यानं जिलेबी उचलली आणि हिच्याकडं बघत थांबला.

"माझ्याकडं काय बघताय, पावणं?" ती ओरडली. "भरवा की! भूक लागली असंल तिला."