नकलाकाराने घातलेली हाक

नव्वदच्या दशकात देवळाली प्रवऱ्यात आमच्या मंडळाच्या गणपतीला दरवर्षी एक नकलाकार यायचा. दुपारी चहा पीत तो आमच्याकडून गावातल्या माणसांच्या लकबी शिकून घ्यायचा आणि संध्याकाळी स्टेजवर करून दाखवायचा. त्याच्याइतकं मला कुणीच हसवलं नाही.

एका वर्षी मी त्याला माझ्या मित्राचा खोकला आणि दारातून बायकोला घातलेली हाक शिकवली. मित्र श्रावणात वारला होता, हे मात्र सांगितलं नाही. मला त्याचा आवाज पुन्हा ऐकायचा होता.

माईकवर तो खोकला आला आणि हसणारा मांडव गप्प झाला. मग हाक आली, "अगं चिमणे, दार उघड की!"

बायकांमधून मित्राची बायको उठली. "आले, आले," म्हणत स्टेजकडे चालू लागली.

"ह्याला भुतं वश हायेत," लोक म्हणाले. "पुन्हा न्हाई बोलवायचं." मी गप्प राहिलो. ही गोष्ट पसरली आणि आसपासच्या गावांनीही त्याला बोलावणं बंद केलं.

म्हणून आज सांगतो, त्याला भूतबीत वश नव्हतं. शिकवलं मीच होतं. पण मी फक्त "अगं ए, दार उघड की" एवढंच शिकवलं होतं. मित्र तिला चिमणे म्हणायचा, हे मलाही त्या मांडवातच कळलं.