फाटकवाल्यांची रांग

आमच्या वस्तीतून शहरात जायचं तर होटगीकडे जाणारा रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. तिथं फाटक होतं. ते कायमचं बंद करून दोन्ही बाजूंनी भिंत घालणार अशी नोटीस एके दिवशी फाटकाच्या खांबाला चिकटवलेली दिसली. सर्वांनी मोठ्या पुलावरून जावं, असं त्यात लिहिलं होतं. मोठा पूल आमच्यापासून दोन किलोमीटरवर. मी स्कूटरच्या काट्यावर मोजून पाहिलं, दोनला थोडं कमी भरलं. पण अर्जात मी 'सुमारे दोन किलोमीटर' असंच लिहिलं. 'सुमारे' हा शब्द मला आवडत नाही, पण तो खोटा नव्हता.

अर्ज मी लिहिणार हे आपोआपच ठरलं होतं. मी टॉवेलच्या कारखान्यात तयार मालाच्या विभागात आहे. दिवसभर डझन मोजायचे, गठ्ठ्यावर आकडा लिहायचा, वहीत तोच आकडा उतरवायचा, असं बावीस वर्षं चाललंय. वस्तीतलं काहीही मोजायचं झालं की लोक माझ्याकडे येतात. कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणारे अण्णा आमच्या वस्तीचे न निवडलेले अध्यक्ष. ते दुकानातूनच ओरडले, "नुसतं रडगाणं नको हां. खासदारासमोर आकडे ठेवायचे. आकडे तुम्ही काढा, चहा मी काढतो."

खासदार पंधरा दिवसांनी समाजमंदिरात येणार होते. मी आठवड्याची रजा टाकली आणि फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. गेटमन ओळखीचा होता. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "काय साहेब, माझी नोकरी मोजायला बसलात का काय?" मी म्हणालो, "नाही, गाड्या मोजतोय." मग त्यानंच मला फाटक किती वाजता पडलं आणि किती वाजता उघडलं ते सांगायला सुरुवात केली. मोटारी, रिक्षा, टेम्पो, दुचाक्या, बैलगाडी, प्रत्येकाला वेगळा रकाना केला. कामाचे सहाही दिवस मी बसलो. शेवटी बेरीज केली, उलटी बेरीज करून ताडून पाहिली आणि बायकोकडून स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली, कारण तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

उतरवता उतरवता तिनं विचारलं, "आणि चालत जाणारे?"

मी म्हणालो, "त्यांना फाटक बंद असलं काय नि उघडं असलं काय. ते खालून वाकून जातात. त्यांचा खोळंबा होतच नाही."

तिनं पुढचा रकाना आखला.

समाजमंदिरात त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. बायका सतरंजीवर पुढं बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकून. खासदार वेळेवर आले, हे मी वहीत लिहून ठेवलं, कारण असं नेहमी होत नाही. सोबत रेल्वेचे एक अधिकारी होते. अण्णांनी हार घातला, मी उठलो आणि कागद वाचून दाखवला. माझा आवाज चांगला लागला होता. आकडे सलग वाचले की मला घाबरायला होत नाही. मागणी एकच होती: फाटक बंद करायचं तर तिथंच गाड्यांसाठी भुयारी रस्ता करा.

खासदारांनी कागद मागून घेतला. चष्मा लावून रकाने नीट वाचले, मग शेजारच्या अधिकाऱ्यांना दाखवले. अधिकारी हळू आवाजात काहीतरी म्हणाले. खासदारांनी चष्मा काढला.

"मी तुम्हाला गोड बोलून जाणार नाही," ते म्हणाले. "कागद उत्तम आहे. असा कागद मला फार कमी ठिकाणी मिळतो. पण या गाड्या थोड्या आहेत. एवढ्या गाड्यांसाठी रेल्वे भुयारी रस्ता करणार नाही, आणि मी दिल्लीत जाऊन टेबल आपटलं तरी त्यांच्या नियमात हे बसत नाही. पायी जाणारे किती आहेत? माणसांपुरता आणि दुचाकीपुरता लहान बोगदा असतो, तो मागता येईल. त्याला माणसांचा आकडा लागतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभाच होतो.

"पायी जाणारे मोजले नाहीत," मी म्हणालो.

"का हो?"

"ते वाकून जातात, म्हणून."

मागून कुणीतरी हसलं. मग पुढच्या सतरंजीवरून आमच्या गल्लीतल्या अक्का उठल्या. पन्नाशीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, लहानपणापासून विड्या वळणाऱ्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना तंबाखूचा पिवळा रंग कायमचा बसलेला आहे. त्या रोज सकाळी माझ्या घरासमोरून डोक्यावर टोपली घेऊन जातात आणि मी त्यांना रोज 'निघालात का अक्का' असं विचारतो.

"साहेब, आमी सांगतो की," अक्का खासदारांना म्हणाल्या. "सकाळच्या टायमाला आमच्या बाजूनं नुसत्या विडीवाल्या चार बंडलं अन् वर अकरा."

खासदारांना कळलं नाही. अण्णांनी समजावलं, "पंचवीस विड्यांचं बंडल असतंय साहेब. म्हणजे एकशे अकरा बायका."

"हे तुम्ही कसं मोजलं?"

"मोजायला कशाला लागतंय? चेकर मोजतोय की." अक्कांचा आवाज शांत होता. "विड्या घेऊन कारखान्यात गेलो की टोपल्या रांगेनं ठेवायच्या. फाटकापलीकडच्या बायकांची रांग वेगळी, भिंतीकडची. आमी उशिरा येतो म्हणून. 'फाटकवाल्यांची रांग' म्हणतो तो. आदी बाकीच्यांच्या टोपल्या तपासतो, मग आमच्या. अकरा वाजले की खिडकी बंद. जिची टोपली राहिली तिला दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू न्हाय. पान न्हाय तर घरी बसून काय वळायचं? हवा?"

बायका हसल्या, पण अक्का हसल्या नाहीत.

"तुमी भिंत घालणार. मोठ्या पुलानं टोपली घेऊन गेलो तर अकराच्या आत कोन पोचणार? मी तर न्हाय पोचणार. गुडघे असे हायत. मग मी विडी सोडायची का? दुसरं मला काय येत न्हाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् दादा, आमी वाकून जातो ते शौकानं न्हाय. खिडकी बंद होती म्हणून जातो. मागच्या साली मी रुळावर पडले हुते, गाडी यायच्या टायमाला. तुमाला ठाव न्हाय."

मला खरंच ठाऊक नव्हतं.

खासदार म्हणाले, "चेकरचा आकडा रेल्वेला चालणार नाही, अक्का. तो कारखान्याचा. फाटकावरची मोजणी पाहिजे, वारासकट, सहीसकट. आठ दिवसांत द्या. हे काम मी अंगावर घेतो. पण आकडा असा पाहिजे की कुणी खोडू शकणार नाही."

तेवढ्यावर बैठक संपली. अण्णांनी चहा पाठवला. घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "रोज तुमच्या नाकासमोरून जातात त्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रजा टाकून मी लिंबाखाली खुर्ची टाकली. या वेळी अक्कांनाही बोलावलं होतं. त्यांनी त्या दिवसाची आपली टोपली शेजारणीकडे दिली आणि त्या गेटमनच्या खोलीच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या हातात विडी बांधायचा दोरा होता. मी म्हणालो, आज आधी नुसत्या विडीवाल्या मोजू, पण दोघंही वेगवेगळं मोजू आणि शेवटी ताडून बघू. माझी पद्धत सरळ होती: एका बाईला एक रेघ, बारा रेघा झाल्या की चौकट. त्यांची पद्धत मला त्या दिवशी कळली. त्या नुसत्या बघत होत्या. पंचवीस बायका गेल्या की दोऱ्याला एक गाठ. मधले आकडे कुठं राहत होते कोण जाणे. त्या गेटमनशी बोलत होत्या, ओळखीच्या बाईला हाक मारून तिच्या सुनेची चौकशी करत होत्या आणि तरी गाठ पडत होती.

पावणेअकराला आम्ही थांबलो. माझ्या चौकटी मोजल्या. आठ चौकटी आणि दोन रेघा, म्हणजे अठ्ठ्याण्णव. अक्कांच्या दोऱ्याला चार गाठी होत्या आणि वरचे त्यांच्या तोंडी होते, अकरा.

"तेराचा फरक पडतोय," मी म्हणालो. "अक्का, तुम्ही बोलत होता. काहीतरी दोनदा मोजलं गेलं असणार."

"माझं बरूबर हाय."

"कशावरून?"

"तुमी लिवताना खाली बघता की," अक्का म्हणाल्या. "चौकट काढताना तर लई वेळ बघता. तेवढ्यात आमच्या बायका जातात."

गेटमन इतका हसला की त्याला फाटकाचं चाक धरून उभं राहावं लागलं. "साहेब पट्टी घेऊन चौकट काढतात, मी बघितलंय," तो म्हणाला. हे खरं होतं. मी पट्टी वापरत होतो.

मला मान्य करायला वेळ लागतो, पण पडताळा घ्यायची सवय आहे. त्याच सकाळी मी स्कूटर घेऊन विडी कारखान्यावर गेलो, माझी ओळख सांगितली आणि आत नजर टाकू द्या म्हणालो. भिंतीकडे फाटकवाल्यांची रांग होती. प्रत्येक टोपलीवर ओलं फडकं टाकलेलं. या वेळी हातात वही नव्हती. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो आणि बोटांवर मोजलं. एकशे दहा. एक कमी. मी चेकरला विचारलं. तो म्हणाला, "एक बाई आज आली नाही. तिची टोपली शेजारणीनं आणलीय, दोन्ही एकातच हायत." ती न आलेली बाई म्हणजे अक्का. त्या मोजायला बसल्या होत्या आणि स्वतःलाही त्यांनी त्या अकरात धरलं होतं.

"मी रोज जाते की," संध्याकाळी मी विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या. "आज बसले म्हणून काय मी माणूस न्हाय?"

मी त्यांना समजावलं की त्या दिवशी ज्यांनी ओलांडलं तेवढेच धरायचे. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवसाच्या रकान्यात विडीवाल्या एकशे दहा असं लिहिलं. असा आकडा कुणी खोडू शकला नसता.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. अक्कांची टोपली रोज शेजारीणच न्यायची, अक्का मोजायच्या, मी नुसतं लिहायचो. विडीवाल्यांनंतर त्या शाळेची मुलं मोजायच्या, बाजारात जाणाऱ्या बायका मोजायच्या, कामावर जाणारे मजूर मोजायच्या. गाठ पडली की "लिवा" म्हणायच्या आणि मी लिहायचो. मला खाली बघायला आता पूर्ण वेळ होता. आठव्या दिवशी कागद पक्का झाला. पहिल्या प्रतीवर मी सवयीनं 'मोजणी' पुढं माझं नाव लिहिलं होतं. ते खोडून 'मोजणी' पुढं अक्कांचं आणि 'नोंद' पुढं माझं लिहिलं. खाडाखोड नको म्हणून बायकोनं सगळा कागद पुन्हा उतरवला. अक्कांनी तेलुगूत सही केली.

खासदारांच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. अक्का, अण्णा आणि मी. त्यांनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "विडीवाल्या एकशे दहाच कशा? सभेत तर एकशे अकरा सांगितल्या होत्या."

"एक बसली हुती," अक्का म्हणाल्या. "मोजायला."

खासदार हसले आणि त्यांनी कागदावर सही केली.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. मधे रेल्वेचे लोक येऊन स्वतः मोजून गेले. त्यांचा आकडा आमच्यापेक्षा थोडा जास्तच आला, कारण ते सणाच्या आठवड्यात आले होते. मी तसं त्यांना सांगितलं. अण्णा माझ्यावर वैतागले, "जास्त आलंय तर गप बसा की." पण आकडा सणाचा आहे हे सांगणं मला भाग होतं. बोगद्याचा नकाशा आला तेव्हा मी उंची विचारली. मग अक्कांना टोपली डोक्यावर घेऊन आमच्या भिंतीला टेकवून उभं केलं, टोपलीच्या वर खूण केली आणि तिथपर्यंत टेपनं मोजलं. टोपली आरामात जात होती. पायऱ्या नव्हत्या, उतार होता. अक्कांनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "उतार किती?" मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "आकडा नको, दाखवा." मग मी फळी तिरकी धरून दाखवली.

आता बोगदा झालाय, पण पावसात त्यात घोटाभर पाणी साठतं. मी तारखा लिहून ठेवल्या आहेत आणि खासदार पुढच्या वेळी आले की तो कागद तयार असेल. या वेळी पायी जाणारे पहिल्या रकान्यात आहेत.

बोगदा सुरू झाला त्या पहिल्या सोमवारी अक्का दुपारी आमच्या दारात थांबल्या. टोपली काखेत, विड्या दिलेल्या. आत नव्या पानाचं पुडकं.

बायकोनं विचारलं, "वेळेत पोचलात का अक्का?"

"दहाच्या आत," अक्का म्हणाल्या. "सवयीनं भिंतीकडं गेले टोपली ठेवायला. चेकर म्हणाला, ती रांग बंद झाली आता. जिला जिथं जागा मिळंल तितं ठेवा."

"मग?"

"मग काय. पयल्या नंबरला ठेवली."

एवढं बोलून त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीची पानं भिजवायची होती.