रिकाम्या गावातले फोटो

"हात दिसतोय. हात मागं घे."

फोटोग्राफर काळ्या कापडाखालून ओरडला. माझ्या बापानं हात मागं घेतला.

बाप पाटलाच्या झोपडीपुढच्या मांडवामागं उभा होता. माळावर वारं लय होतं. मांडव पडू नये म्हणून तो मागून खांब धरून होता. मांडवात पाटील, पाटलीण, त्यांची पोरं, गावातली चार मोठी माणसं. सगळी धुतलेल्या कपड्यांत. माळावरची एकूण एक झोपडी माझ्या बापानं आणि महारवाड्यातल्या गड्यांनी उभी केली होती. पण फोटोत त्यांची बोटंसुद्धा चालत नव्हती.

मी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन कडेला थांबले होते. फोटोग्राफर साताऱ्याचा. माझ्याकडं न बघता पाटलाला म्हणाला, "तिला लांब जायला सांगा. सावली पडतेय."

"ए, सरक तिकडं," पाटील म्हणाला.

मी सरकले.

जर्मनची लढाई चालली होती ती वर्षं. आमचं गाव जावळीतलं, मेढ्याच्या पुढं डोंगरात. त्या हिवाळ्यात घराघरात उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की मागोमाग माणसाला ताप येतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ येते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. म्हणून गाव उठून माळावर गेलं. गावानं रोगात कशी सोय केली हे साहेबाला दाखवायला पाटलानं तो फोटो काढवला.

फोटो झाल्यावर बाप म्हणाला, "मालक, आता आमची बी खोपटी घालतो. खालच्या अंगाला."

पाटील म्हणाला, "तुमी सगळी माळावर आलासा तर गाव कोन राखायचं? तुमी गावातच ऱ्हावा."

बाप मान खाली घालून उतरला. त्याच्यामागनं मी.

गाव म्हणजे कुलपं. कुलपाआड धान्य, भांडी आणि मेलेले उंदीर. ते राखायला आम्ही. माळाकडं कुणी चढू लागलं की वरून दगड यायचे. "खालीच ऱ्हावा! तुमच्यात रोग हाय!" रोग आमच्यात ठेवला कुणी? टोचायला आलेला डॉक्टर माळावरच्या लोकांना टोचून तिथूनच परत गेला. शेजारच्या गावचे लोक शिवेवर काठ्या घेऊन उभे. वर दगड, खाली काठ्या, मधी आम्ही.

माझा भाऊ पलटणीत होता. मागच्या रजेला तो एका गोऱ्या सोल्जरकडनं घेतलेला कॅमेरा घेऊन आला होता. काळी पेटी. रजा संपली तेव्हा ती आणि दोन रिळं माझ्याकडं ठेवून गेला. मला सगळं शिकवलं होतं त्यानं. पेटी पोटाशी धरायची, वरच्या काचेत बघायचं, दम धरायचा, कळ दाबायची. "घरात काढू नगंस, उजेड लागतो," म्हणाला होता.

मी फोटो काढायला लागले. चावडीत फिरणाऱ्या कोंबड्या काढल्या. पाटलाच्या दारासमोर उंदरांचा ढीग जाळणारा बाप काढला, तोंडाला फडकं बांधलेला. आमची पोरं पाटलाच्या पायरीवर बसून गजगे खेळत होती, ती काढली. आई एका पोरक्या पोरीची वेणी घालत होती. तिची आई आदल्या दिवशी गेली होती. आई म्हणाली, "हे गं काय काढतीस?" मी म्हणाले, "आपुन हितं हाय, एवढंच काढती."

मग माझी भावजय सरजा तापली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला भाईर घे. माजा फोटू काढ. त्येनी आलं की दाव."

आईनं आणि मी तिला धरून उन्हात आणलं, भिंतीला टेकवलं. तिनं स्वतः पदर नीट केला. गाठीमुळं हात खाली येत नव्हता, लांबच धरून बसली. काचेत ती एवढीशी दिसत होती. मी कळ दाबली. ती म्हणाली, "पानी."

आमचं पाणी ओढ्याचं. ओढ्यात उंदीर फुगून तरंगत होते. आणि गावाच्या मधोमध विहीर. पाणी काठोकाठ, भरायला कुणी नाही. मी घागर आणि दोर उचलला.

बाप आडवा आला. "अगं, गाव बाटंल."

"कुठाय गाव?" मी म्हणाले. "दाव मला."

त्यानं मागं वळून रिकाम्या गल्लीकडं पाहिलं. बाजूला झाला. माझ्यामागं आई आली, आईमागं सगळ्या बाया. आईनं माझ्याकडनं घागर घेऊन विहिरीत सोडली. ती वर आली तेव्हा आईचा चेहरा मला पुन्हा कधी दिसला नाही तसा होता. पेटी माझ्या गळ्यातच होती, मी तो फोटो काढला.

सरजा ते पाणी प्याली. लय प्याली. दिवस मावळायच्या आत गेली.

ऊन तापलं, रोग ओसरला, गाव घरी आलं. मी साताऱ्याला गेले, त्याच फोटोग्राफरकडं. दुसरा ठाऊक नव्हता. फोटो धुऊन त्यानं माझ्यापुढं टाकले. "उंदीर, फाटकी लुगडी, आजारी बाई. यात फोटो काढण्यासारखं काय होतं?" विहिरीचा मात्र हातात धरून ठेवला. "ही विहीर मी बघितलीय," म्हणाला.

त्यानं पाटलाला कळवलं. आठवडा गेला नाही तोवर पेटी घेऊन चावडीवर यायचं बोलावणं आलं. बाप खाली बसला. मी उभी राहिले.

पाटलानं आवाज चढवला नाही. "फोटू दुसऱ्या गावचा हाय म्हन. पेटी हितं ठेव. मिटलं."

बाप माझ्याकडं बघत होता. म्हण, म्हणून बघत होता.

"हितलाच हाय," मी म्हणाले. "पानी काढनारी माजी आई हाय. काढ म्हणून मी सांगितलं."

"विहीर बाटवलीस तू!" आता पाटील ओरडला.

"परत आल्यापासनं तुमी तेच पानी पिताय. कुनाला काय झालं?"

मग पाटलाच्या पोरानं उठून पेटी टाचेखाली चिरडली. काच फुटली. फोटो तिच्यात नव्हते. ते माझ्या कमरेला होते.

बापाला काठ्या बसल्या. आम्हाला काम बंद, पीठ बंद, मीठ बंद. बाप महिनाभर माझ्याशी बोलला नाही. भाऊ पुढच्या रजेला आला, सरजाचा फोटो घेऊन ओढ्याकडं गेला आणि उशिरा परत आला. त्या रात्री त्यानं बापाला सगळे फोटो एकेक करून दाखवले. उंदीर जाळणाऱ्या माणसाकडं बाप बराच वेळ बघत बसला. "ह्यो मी?" म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडले. दुपारच्या आत महारवाडा रिकामा झाला. नदीपलीकडच्या टेकाडावर आम्ही आमची खोपटी घातली, पहिली माझ्या बापानं. संध्याकाळी पाटलाचा माणूस पलीकडच्या काठावर आला.

"आमची खोपटी कोन घालनार? गाव कोन राखनार?"

मी काठापर्यंत खाली उतरले, त्याला नीट ऐकू यावं म्हणून.

"ज्याचं गाव, त्यानं राखावं," मी म्हणाले. "आमी येनार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, कवाच न्हाई."