बुडावरचा आकडा

"वलनाव बगू त्याला." एवढं म्हणून तो डावा पाय जमिनीवर घासायचा. रिक्षावाल्याने कट मारला, शेजाऱ्याने दारात कचरा लोटला, की तेच वाक्य आणि तोच पाय. वळणावर गाठून उट्टं काढीन, असा त्याचा अर्थ. अशी खुनशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला तो त्या खुनशीपणासाठीच आवडायचा.

सोनिवलीच्या आगरी घरातला हा गडी मातीच्या गोल मैदानावर मोटारसायकलच्या शर्यती मारायचा. त्या गाडीला ब्रेकच नसतो. वळण आलं की मागचं चाक घसरवायचं आणि डावा पाय टेकून तोल सावरायचा. त्यासाठी बुटाला लोखंडी तळ लागतो. याने तो बैलांना नाल ठोकणाऱ्याकडून करून घेतला होता. भात कापून झालं की बापाच्या खाचरांचे बांध फोडून हा सराव करायचा. बाप शिव्या घालायचा आणि पेरणीआधी मुकाट्याने बांध पुन्हा घालायचा. असा तो जागतिक विजेतेपदाच्या स्पर्धेपर्यंत पोचला.

तिथे शेवटच्या वळणावर एका लांबड्या गोऱ्याने कोपर मारून त्याला कुंपणावर घातलं. मांडीचं हाड मोडलं. पंचांना काही दिसलं नाही, आणि गोरा साधी विचारपूस करायलाही आला नाही.

पाय बरा झाला. पुन्हा स्पर्धेला निघायच्या आधी तो कॅम्प तीन या वस्तीतल्या माझ्या जीन्सच्या कारखान्यात आला. त्याच्या शर्यतीच्या पँटी मीच शिवायचो.

"शेट, त्या गोऱ्याच्या गाडीचा आकडा लाव पँटीला."

"कुठे?"

"बुडाव. त्याच्याव बसूनच जिकनार."

कारागीर हसले. मी मात्र तो आकडा दुहेरी शिलाईने पक्का केला.

तिकडे कॅमेऱ्यांपुढेही तो तेच बोलला, "वलनाव बगू त्याला." दुभाष्याने ते इमानदारीत सांगितलं.

अंतिम शर्यत आम्ही मशिनी बंद करून मोबाईलवर पाहिली. शेवटच्या वळणावर गोरा पुढे आणि हा त्याच्या मागे. गोऱ्याचं चाक आपसूक निसटलं आणि तो याच्यासमोर आडवा पडला. "घाल अंगावर," मी ओरडलो. खोटं कशाला सांगू, मला तेच हवं होतं.

याने स्वतःची गाडी आडवी पाडली आणि डाव्या कुशीवर फरफटत गोऱ्याच्या अलीकडे थांबला.

पंच म्हणाले, याने धमकी दिली होती, यानेच पाडलं. याला बाद करून शर्यत पुन्हा घेतली. गोरा विजेता झाला. आपण आपसूक पडलो हे त्याला ठाऊक होतं, तरी गप्प राहिला.

"का नाही घातलीस?" परत आल्यावर मी विचारलं.

"हात आयकला नाय, शेट." मग पाय घासून म्हणाला, "पन खरं त्याला ठाव हाय. त्यानं बोललाच पायजे."

इतक्या वेळा पडून वाचलेला माणूस शेवटी काविळीने गेला. दवाखान्यातही विचारत होता, "बोलला का तो?"

या हिवाळ्यात गोरा फुलं घेऊन सोनिवलीला आला. खाचरांवर आता इमारती आहेत. गावकऱ्यांनी त्याला माझ्याकडे धाडलं. दुरुस्तीला आलेली त्याची त्या शर्यतीतली पँट मी खुंटीवरून काढून दिली. डावी बाजू फाटून चिंध्या झालेली. त्यावर तो हात फिरवत राहिला. मग मी पँट पालथी केली. स्वतःचा आकडा बघून त्याचा चेहरा उतरला.

"माझा मीच पडलो होतो," तो इंग्रजीत म्हणाला. तेवढं मला कळलं.

"इथे नको. तिकडे सांग, कॅमेऱ्यापुढे," मी मोबाईल उचलून खुणेने सांगितलं.

त्याने होकारार्थी मान हलवली. फुलं मी घेतली नाहीत.

अजून तो बोललेला नाही. पँट खुंटीवर आहे, आकडा दाराकडे करून. बातम्या लावून मी रोज बघतो, आणि हल्ली माझाही डावा पाय जमिनीवर घासू लागला आहे.