जपानी भंतेजी जेवायला आले

धर्मांतराच्या पुढच्या वर्षी हिंगणघाटला आमच्या वस्तीत एक जपानी भिक्खू आले, आणि त्यांचं पहिलं भोजनदान आपल्याच घरी व्हावं असा हट्ट आईनं धरला. वस्तीला तिच्या श्रद्धेचं कौतुक वाटलं. तिचा खरा हेतू मला ठाऊक होता, आणि काकालाही.

बाबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ, इंग्रजांच्या एकाच पलटणीतून ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला गेले होते. काका परत आला. बाबांचा नुसता सरकारी कागद आला, 'बेपत्ता'. काका म्हणे, माघार घेताना चुकामूक झाली, पुढचं मले मालूम नाई. तेवढ्या भरवशावर आई पंधरा वर्षं कुंकू लावत होती. त्यावरून पाठीमागं हसणाऱ्या बायकांच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटे.

मी तरी कुठली शहाणी! शाळेत गुरुजी म्हणाले, ते शिपाई देशासाठी नाही, इंग्रजांच्या पगारासाठी लढले. मी घरी येऊन ते जसंच्या तसं काकाला ऐकवलं. तो दोन दिवस जेवला नाही. त्याची आजही लाज वाटते.

जपान म्हणजे आईला आमच्या जवळच्या आर्वीएवढं गाव वाटायचं. बाबा तिथं कैदेत असतील आणि भंतेजींनी त्यांना कधी ना कधी पाहिलं असणारच, अशी तिची खात्री होती.

"वयनी, त्यायले काई विचारू नका," काकानं सकाळीच बजावलं. "विचारसान तर मी उठून जाईन."

"जा ना मंग. मी विचारनारच."

भंतेजी बारानंतर जेवत नसत, म्हणून कापसाच्या जिनाचा बाराचा भोंगा व्हायच्या आत पान वाढायचं होतं. वाढताना आईचं सगळं लक्ष भंतेजींच्या तोंडाकडे होतं, वरण चटईवर सांडलं. काका पंगतीला बसला नाही आणि गेलाही नाही. दाराच्या चौकटीला धरून तो भंतेजींकडे एकटक बघत उभा होता. हा आता काय करेल, या धास्तीनं मी सारखी दाराकडे बघत होते.

भंतेजी तिशीच्या आतले होते. त्यांना हिंदी येत होतं. त्यांनी हात धुतले आणि आईनं मला कोपरानं ढोसलं. मी तिचा प्रश्न हिंदीत विचारला, ब्रह्मदेशच्या लढाईत पकडलेले माझे बाबा त्यांनी तिकडे कुठं पाहिले का.

"मैं तब स्कूल में था," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की विमानांनी त्यांचं गाव जाळलं, त्यात त्यांची आई गेली. लढाई म्हटलं की त्यांना तेवढंच आठवे. नंतर त्यांनी अगदी साधेपणानं मला विचारलं, "बर्मा में हिंदुस्तानी भी थे? हमें तो सिर्फ अंग्रेजों का बताया था."

हे काकाला मी सांगायच्या आधीच, हिंदीतच कळलं.

"होतो!" तो ओरडला. "इथं मास्तर म्हनते, तुमी इंग्रजाचे नौकर. हे म्हनते, तुमी होतेच नाई. मंग माह्या भावाले मी कुठं पुरलं? या हातानं माती लोटली मी त्याच्यावर!"

आपण काय बोलून गेलो ते काकाला सगळ्यांत शेवटी कळलं.

"भाऊजी," आई म्हणाली, "तुमी तं म्हनलं, चुकामूक झाली."

"कसं सांगू, वयनी? मी आलो तवा तुमी दारात होत्या. मले पाहून तुमी माह्या मांगं पाहून राह्यल्या होत्या."

मला काकाचा असा संताप आला की त्याला घराबाहेर ढकलावं, आणि त्याच क्षणी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

काय झालं ते भंतेजींना समजेना. ते माझ्याकडे बघू लागले.

"सांग त्यायले," आई म्हणाली.

शाळेत हिंदीत माझा पहिला नंबर असे, पण मी खाली वाकून चटईवरचं वरण पुसायला लागले. मग पदर सारखा करून आई भंतेजींसमोर बसली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत स्वतःच म्हणाली, "थे, भंतेजी. हमारा आदमी था. वहींच मर गया."