झोपमोड न करणारा गेमिंग पीसी

"मॅडम, ग्राफिक्स कार्ड मोठंच पाहिजे. बाकी कुठे पण कापा," प्रसाद म्हणाला.

दादरला माझं कॉम्प्युटर पार्ट्सचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक अजूनही काउंटरवरून आत डोकावून विचारतं, "सर आहेत का?" सर नाहीत, मीच आहे. प्रसाद लालबागचा, कुरिअर ऑफिसात कामाला. बोनसमधून पहिला गेमिंग पीसी घ्यायचा आणि घरी स्वतः जोडायचा, असं त्याने ठरवलं होतं. व्हिडिओ बघून पार्ट्सची नावं पाठ केली होती. बजेट मात्र बेताचं होतं.

"ठेवणार कुठे?" मी विचारलं.

"घरात. एकच खोली आहे. टेबल कॉटला लागून."

"कॉटवर कोण झोपतं?"

"मिसेस. परळला नर्स आहे. नाइट ड्युटी असते, दिवसा झोपते."

"आणि तुम्ही खेळणार कधी?"

"दुपारी सुटलो की..."

"मिसेसना घेऊन या," मी म्हटलं.

मनाली ड्युटीवर जाता जाता आली. स्टूल पुढे केलं तरी बसली नाही. "मला ह्यातलं काही कळत नाही. त्याने खुशाल खेळावं. पण माझी झोप मोडली, तर तो डबा विकायचा. रात्री पेशंटला इंजेक्शनं देते मी. झोपेच्या तारेत हात चुकला तर कोण बघणार?"

प्रसादने मान डोलावली. मग मी कामाला लागले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेममधली चित्रं काढणारा भाग. तो जितका दांडगा, तितका तापतो, आणि तापला की पंखे घरघरायला लागतात. मी एक पायरी खालचं कार्ड निवडलं, पण मोठ्या पंख्यांचं. मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा फेकतो. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, रंगीत दिव्यांचा नको म्हटलं. साधा जाळीचा घेतला. तिथे वाचलं ते आवाज न करणाऱ्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घातलं. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी दिली. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे आवाजही नसतो.

"एवढं साधं? मित्र हसतील, मॅडम."

"मित्र तुमच्या खोलीत झोपतात का?"

सुट्टीच्या दिवशी त्याने घरी जोडायला घेतलं. एकेका स्क्रूचे फोटो मला येत होते. मग घाबराघुबरा व्हिडिओ कॉल आला. पंखे फिरत होते, स्क्रीन मात्र काळी. रॅमची पट्टी नीट बसली नव्हती. "टक् वाजेपर्यंत दाबा," मी सांगितलं. स्क्रीन उजळली. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, 'गेम चालू आहे आणि आवाजच नाही!' खरं सांगते, मला माझंच कौतुक वाटलं.

पुढच्या आठवड्यात दोघं दुकानात हजर. मनालीचे डोळे लाल.

"झोपमोड होते," ती म्हणाली.

मी त्यांचं बिल काढून पार्ट्सची यादी बघायला लागले. कुठला पंखा चुकला?

"पंखा नाही हो. कॉम्प्युटर गप्प असतो, हा ओरडतो. 'मागे बघ, मागे बघ! मेलास ना रे गाढवा!' कानावर हेडफोन, समोर मित्र ऑनलाइन. स्वतःचा आवाज ह्याला कळतच नाही. अख्ख्या चाळीला कळतो."

प्रसाद खाली बघत होता. "मॅडम, पीसी विकून द्याल का? ठरलंच होतं तसं."

"काही विकायचा नाही," मनाली म्हणाली. "लग्नापासून ह्याने पहिल्यांदा घरात काहीतरी पूर्ण केलंय." मग तिने पिशवीतून हेडसेट काढून काउंटरवर ठेवला. "ह्याचा माइक काढून टाका. मित्रांना ऐकूच गेलं नाही, तर ओरडेल कोणासाठी?"

मी काढला. आता तो दुपारी एकट्याने गाड्यांची रेस खेळतो आणि मनाली झोपते.

तेव्हापासून पार्ट्स सुचवण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. खोली केवढी आहे, तिथे कोण झोपतं आणि खेळताना ओरडता का. शेवटच्या प्रश्नाला सगळे नाही म्हणतात. मग मी सोबत आलेल्या माणसाकडे बघते.