पत्र्याच्या घरातलं दूध

मॅडमच्या संशोधनाची यादी छापायला घेतली आणि प्रिंटरमधला कागद संपला. जगातली गरिबी आणि विषमता मोजण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. यादीत आफ्रिका होती, दक्षिण अमेरिका होती, मोठमोठ्या सभांतली बीजभाषणं होती. ग्रंथपाल म्हणून मी आयुष्यभर असल्या याद्या लावल्या आहेत. लांबी बघून दबत नाही. पण ही शेवटपर्यंत वाचली, कारण पुढची नोंद आमच्या जिल्ह्याची होणार होती आणि तिच्यात माझी पायपीट असणार होती. निवृत्त माणूस एवढ्यावरही खूश होतो.

मॅडम मूळच्या पुण्याच्या, शिकवायला परदेशात. इथं बावड्यात आमच्या घरी वरच्या खोलीत उतरल्या होत्या. जवळच्या गडमुडशिंगी गावातली वीस घरं ठरली: दहा पत्र्याची, दहा स्लॅबची. मी रोज घरोघरी जायचं, आदल्या दिवशी काय शिजलं, दूध किती लागलं ते लिहायचं आणि संध्याकाळी वही मॅडमना द्यायची. त्या स्वतः येत नसत. त्या समोर असल्या की लोक खरं सांगत नाहीत, असा त्यांचा जगभरचा अनुभव. मला सांगतात, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

आठवडा झाला तशा त्या उघडा लॅपटॉप हातात घेऊन जिना धावत उतरल्या.

"हे बघा. धान्यात फरक आहे, भाजीत आहे, दुधात नाही. पत्र्याचं घर आणि स्लॅबचं घर बरोबरीला."

"स्लॅबवाले दूध डेअरीला घालतात," मी म्हणालो.

"मान्य. पण पत्र्याच्या घरात येतं कुठून? असं मी कुठंच पाहिलेलं नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी एका परिषदेला निबंधाचं शीर्षक कळवून टाकलं. मीही काही कमी नव्हतो. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ही बातमी अभ्यासू आवाजात सांगून मोकळा झालो.

मग मुडशिंगीत पहिल्याच पत्र्याच्या घरी गेलो, तर बाई घरात नव्हती. उंबऱ्याशी टेकलो. ती शेजारच्या घरातून पदराखाली वाटी झाकून येताना दिसली. मागून शेजारीण ओरडली, "सर, तुमचा सर्वे लौकर उरका की. आमच्या म्हशीला जरा दम खाऊ द्या."

"रोज दूध आणता?" मी बाईला विचारलं.

"तुमी येतासा म्हणून. पावण्याला कोरा च्या द्यायचा व्हय?"

"आणि मी येत नव्हतो तेव्हा?"

"तवा न्हाय की." तिनं चहा ठेवला. "वाटीभर आणलं की पोरास्नीबी दुधाचा मिळतोय. यायचं बंद करू नगासा."

तो चहा मी प्यालो. नको म्हणायची सोय नव्हती. स्लॅबच्या घरांतून मला फाटकातच उत्तरं मिळत. पत्र्याच्या दहाही घरांत सतरंजी आणि कप. मॅडमचा शोध म्हणजे माझा चहा होता.

परत येताना हिशेब घातला. हे फक्त मला ठाऊक होतं. गप्प बसलो तर निबंध यादीत जाणार, आमचा जिल्हा जगाच्या नकाशावर जाणार. बोललो तर दोन्ही गेले, आणि माझं कामही. कारण पाहणीच्या घरी काही खाऊपिऊ नये, या नियमाच्या कागदावर मी सही केली होती. तो नियम कधी कुणाकडं पाहुणा न गेलेल्या माणसानं लिहिला असावा, असं समजून मी तो सोडून दिला होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लॅपटॉप उघडला.

"कुठल्या घरी, कुठल्या दिवशी चहा झाला, आठवतं?" त्यांनी विचारलं. "तेवढं दूध वेगळं काढू."

आठवत होतं. अडचण निराळी होती. माझी शुगर वाढलेली आणि बायको रोज विचारायची, किती कप झाले. मी रोज दोन सांगत आलो होतो. ती मागं भाकरी थापत होती.

"सोमवार?"

"दहा."

थापण्याचा आवाज थांबला.

"मंगळवार?"

"दहा. बुधवारी अकरा. एका घरी बारसं होतं."

मॅडम आकडे घालत गेल्या तशी पडद्यावरची पत्र्याच्या घरांची रेघ खाली घसरली. त्यांनी फोन घेतला आणि परिषदेला दोन ओळी लिहिल्या: शीर्षक मागं घेत आहे. मी उठायला लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. कालच्यापेक्षा जास्त उत्साहात होत्या. "ज्यांच्याकडं दूध नाही, ते दारात आलेल्यासाठी रोज मागून आणतात. पंचवीस वर्षांत हे मोजायचं मला सुचलं नव्हतं. मी येऊ का उद्या तुमच्याबरोबर?"

"आलात तर तुम्हालाही चहा प्यावा लागेल."

"पिईन. गुरुवार सांगा."

बायको तव्यापासून वळली. "घरागणिक सांगा," ती म्हणाली. "मलाबी लागतंय."

मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली.